मागची पायडलं

मित्रांनो, मला पाहिलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ही चालते तरी कशी? खुशाल हसा, मला राग नाही. माझी चाकं दोनच, पण सीटही दोन, हँडल दोन आणि पायडलांच्या जोड्याही दोन. मी जोडसायकल आहे. आता रंग उडालाय, घंटीचा घसा बसलाय. तरी एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. माझी पुढची आणि मागची पायडलं चेनने एकमेकांना बांधलेली आहेत. मागच्याने जोर लावला की तो पुढच्याच्या तळपायाला कळतोच.

एका वेल्डरने दोन मोडक्या सायकली कापून मला घडवलं, बायकोबरोबर फिरायच्या हौसेने. पण पुढे कोण बसणार यावरून पहिल्याच दिवशी दोघांचं असं वाजलं, की मी भिंतीला टेकले ती टेकलेच. शेवटी बायकोने मला अंधांच्या संस्थेला देऊन टाकलं. तिथे तरी यावरून भांडण होणार नाही, असं ती म्हणाली म्हणे.

तिथे मला ऑपरेटरकाका भेटले. डोळे लहानपणीच गेलेले, जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला आणि बोलणं भारी खोचक. त्यांनी माझ्या मागच्या सीटवर हात फिरवला आणि जाहीर केलं, की माझी जागा ठरली, आता पुढचं माणूस तेवढं शोधा.

ते माणूस म्हणजे छकुली. हे तिचं घरातलं नाव, चारचौघांत हाक मारलेली तिला मुळीच खपत नसे. तिला एका नावाजलेल्या कॉलेजात जायचं होतं. खरं म्हणजे तिच्या आईला तिला तिथे पाठवायचं होतं. तरुणपणी आईला अशाच एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि घरच्यांनी जाऊ दिलं नव्हतं. ते तिच्या मनातून कधी गेलंच नाही. अर्जांची तयारी करून घेणाऱ्या सल्लागार बाईंनी छकुलीची प्रमाणपत्रं चाळून नाक मुरडलं. नाच, बुद्धिबळ, वक्तृत्व, सगळंच थोडंथोडं. असे अर्ज ढिगाने येतात, म्हणाल्या. एकच काम धरा, माणसांसाठी करा आणि चिकाटीने करा. दुसऱ्याच दिवशी आई मुलीला घेऊन संस्थेत हजर.

पहिल्या रविवारी आम्ही तिघं थेट कुंपणात गेलो. आई फोटो काढत होती, तिने तेवढा एक काढला नाही. छकुली मुलखाची अबोल. काकांनी तिला बजावलं, की तू तोंड मिटून चालवलंस तर मी मागे घाबरतो, दिसेल ते बोलत जा. मग ती बोलायला लागली. खड्डा आला, वळण आलं, समोर कुत्रं झोपलंय, कालव्यात कुणाची तरी चप्पल तरंगतेय. पुढे पुढे तर काकाच म्हणायचे, बाई, श्वास घे जरा! ते माझे सोन्याचे दिवस होते, मित्रांनो. दर रविवारी चेनला तेल मिळायचं आणि रस्त्यात लोक वळून बघायचे.

काकांची एकच इच्छा होती. गावाबाहेरच्या टेकडीवर तलाव आहे, तिथे जायचं. न उतरता, न ढकलता.

"लोकांनी हाताला धरून मला पुष्कळ ठिकाणी नेलंय," ते म्हणाले. "एकदा माझ्या पायांनी वर जायचंय. गुडघे आता थोड्याच दिवसांचे सोबती आहेत."

छकुलीने वचन दिलं. अर्जाची गडबड संपली की नक्की.

अर्ज गेला, आणि छकुली यायची थांबली. आधी सर्दी झाली होती, मग परीक्षा होती, मग निरोपही येईना. काका मात्र दर रविवारी बुटांच्या नाड्या घट्ट बांधून यायचे, अंगठ्याने माझे टायर दाबून बघायचे आणि बाकावर बसायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, पोरांना अभ्यास असतो हो. टायर मऊ पडत गेले. हँडलवर कोळ्याने जाळं विणलं. मला स्वतःचं काही वाटलं नाही, पण त्या बांधलेल्या नाड्या बघून फार वाईट वाटायचं.

एके दिवशी मायलेकी आल्या, फळांची पिशवी घेऊन. कॉलेजातून काकांना फोन येणार होता, मुलीबद्दल विचारायला. तिने अर्जात काय लिहिलंय ते काकांना ठाऊक असावं, म्हणून आईने तिला निबंध वाचायला लावला. छकुली माझ्याशेजारी उभी राहून वाचू लागली. एका अंध वृद्धाला मी जग दाखवलं. ज्या टेकडीवर तो कधीच पोहोचला नसता, तिथे मी त्याला घेऊन गेले.

तिथेच ती वाचायची थांबली. अर्जाची मुदत आली तेव्हा टेकडी बाकी होती. जायचंच आहे तर आधी लिहिलं म्हणून काय बिघडलं, असं तिला वाटलं होतं.

काका म्हणाले, "छान लिहिलंयस. फक्त यात मी पायडल कुठे मारतोय?"

छकुलीने कागद खाली केला.

"काळजी करू नकोस," काका म्हणाले. "फोन आला की हो म्हणेन. टेकडीवर गेलो होतो म्हणून सांगेन."

छकुलीने कागदाची घडी घातली आणि हवा भरायचा पंप शोधून आणला. आई म्हणाली, आत्ता कुठे निघालीस, तोवर तिने पंप लावलाही होता. माझे टायर टणक झाले आणि आम्ही निघालो.

चढ वाईट होता. निम्म्यावरच तिच्या मांड्या भरून आल्या.

"काका, माझ्या पायांत जोरच उरला नाही."

"तू बोलत राहा. पुढे काय दिसतंय?"

ती बोलत राहिली. दगड आला, उजवीकडे वळण आलं, झाड वाकलंय. बोलताबोलता रडत होती. चेन ताणली होती ती मागून. तिचे पाय नुसते फिरत होते, काकांच्या जोरावर, आणि ते तिलाही कळत होतं. न उतरता, न ढकलता आम्ही वर पोहोचलो. पाण्यावरून वारा आला, काका हसले आणि माझा श्वास सुटला.

"फोन आला की खरं सांगा," छकुली म्हणाली. "मी तुम्हाला आणलं नाही. आणि लिहिलं तेव्हा आपण आलोही नव्हतो."

"बरं," काका म्हणाले. "मग आपण दोघं आज आलो, एवढंच सांगतो."

त्या कॉलेजाने तिला घेतलं नाही. त्या खऱ्या बोलण्यामुळे की आणखी कशामुळे, ते मला सायकलला काय कळणार! आई माझ्या हँडलवर डोकं टेकून रडली. छकुली आता परगावी साध्याच कॉलेजात शिकते, सुट्टीत येते तेव्हा आधी माझे टायर दाबून बघते.

काकांचे गुडघे गेले. ते आता बाकावर बसून एका नव्या बाईला शिकवतात, तोंड उघडा, दिसेल ते बोला म्हणून ओरडतात. ती बाई म्हणजे छकुलीची आई. तिला अजून वळणं नीट जमत नाहीत, पण तिचा रविवार चुकत नाही.

पण मित्रांनो, ती एकटी आहे, आणि माझ्या मागच्या सीटसाठी बाकावर रांग लागते. ती दमून उतरली की रिकामी राहते ती पुढची सीट. तुम्ही या. अर्जासाठी आलात तरी चालेल, मी कुरकुरणार नाही. फक्त अर्ज गेल्यानंतरच्या रविवारीही या. त्या दिवशीही इथे कुणीतरी बुटांच्या नाड्या बांधून बसलेलं असतं.