बोटांनी वाचलेला टायर

मी एक जुना टायर आहे. मित्रांनो, परवापरवापर्यंत हे मलाही ठाऊक नव्हतं.

कारखान्यातल्या तापल्या साच्यातून बाहेर पडलो, तेव्हा माझ्या कुशीवर उठावाची अक्षरं आणि आकडे होते. ते काय सांगतात, कोणी सांगितलं नाही. नशिबी स्टेपनीचं काम आलं. डिकीच्या तळाशी पडून राहिलो, वर कधी बॅगा, कधी बाळाची ढकलगाडी. माझे चार भाऊ धावून झिजले, बदलले गेले. मी मात्र कोराच्या कोरा, अंगावरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. त्याचा मला भारी तोरा होता.

परवा पुढचा टायर फाटला. घरच्या लेकीनं मला डिकीतून काढून त्याच्या जागी बसवलं. तिला बाळाला घेऊन दूरच्या शहरात नव्या नोकरीवर जायचं होतं. मी हरखून गेलो. इतकी वर्षं नुसत्या झोपा काढल्या, आता थेट हमरस्ता!

तेवढ्यात तिचे वडील आले. त्यांनी जन्मभर गाडी चालवली, पण आता काचबिंदूनं दृष्टी गेली आहे. ते चाचपडत माझ्याजवळ बसले.

"बाबा, हात काळे होतील."

"गोरे होते कधी?"

त्यांची बोटं माझ्या कुशीवरून सरकू लागली. "एकशे पंच्याऐंशी, ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. पासष्ट, म्हणजे रुंदीच्या शंभरात पासष्ट भाग कुशीची उंची. पंधरा, हे आतल्या चाकाचं माप, इंचात. आणि अठ्ठ्याऐंशी. म्हणजे हा एकटा पाचशे साठ किलो पेलतो."

मी थक्क झालो. पाचशे साठ किलो, आणि मी एकटा! एवढं सगळं माझ्या अंगावर लिहिलेलं होतं आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

मग बोटं एका लांबट चौकटीपाशी थांबली. तिथले चार आकडे त्यांनी दोनदा चाचपले.

"चौदा, सतरा. सतरा सालच्या चौदाव्या आठवड्यातला आहे हा."

"पण एकदाही वापरला नाही, बाबा."

"वापरला नाही म्हणून वय थांबतं का? रबर पडून पडूनही वाळतं. इथे बघ."

ती वाकली. माझ्या कुशीवर केसाएवढ्या भेगा होत्या.

"तापल्या रस्त्यावर, वेगात, हा कधी फुटेल सांगता येत नाही. मागच्या सीटवर कोण बसणार आहे?"

तिनं गाडी सावकाश कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानापर्यंत नेली. तेवढीच माझी धाव. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण भेगा मलाही दिसल्या होत्या.

एक नवा टायर चाकाला बसवून, दुसरा स्टेपनी म्हणून डिकीत टाकून आणि मला सोबत घेऊन ती परत आली, तेव्हा वडील म्हणाले, "आता तू वाच. डोळे मिटून."

तिनं बोट फिरवलं. "याच वर्षातला आहे, बाबा."

"मग जा."

मित्रांनो, आम्हा टायरांना बोलता येत नाही, म्हणून आमच्या अंगावर लिहून ठेवलेलं असतं. तुमच्या घरच्या गाडीपाशी एकदा बसा आणि ते वाचा. डिकीतल्या स्टेपनीलाही विसरू नका.

संध्याकाळी वडील अंगणात माझ्यावरच टेकून बसले होते. बराच वेळ त्यांनी फोन हातातून खाली ठेवला नाही. शेवटी तो वाजला.

"पोचलो, बाबा. बाळ वाटभर झोपलं होतं."