सोजरबाईंचा चावा

होटगीच्या सोजरबाईंच्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल होऊन महिना झाला होता. आता तिच्यावर कॅप बसवायची होती. सोलापुरातल्या दवाखान्यात डॉक्टर प्रतिक्षानं दाढ घासून बारीक केली आणि मापासाठी लगदा न भरता तोंडात छोटा कॅमेरा फिरवून स्कॅन घेतलं. लगद्यानं उमासे येतात म्हणून धास्तावलेल्या सोजरबाई एकदम खुलल्या.

कॉम्प्युटरवर जबडा उमटला. प्रतिक्षानं दाढेची कड आखून बटण दाबलं. सॉफ्टवेअरनं आपोआप कॅप बसवली खरी, पण ती तिरकी फिरलेली आणि शेजारच्या दातांपेक्षा उंच.

"ह्यो माजा दात?" पडद्याकडे बघत सोजरबाई म्हणाल्या. "वाकडा हाय की!"

शेजारी स्टुलावर बसलेले त्यांचे यजमान धोंडीराम हसले. "मालकिणीवर गेलाय."

कॅप माऊसनं सरळ करता आली असती. पण ती मुळात अशी का बसली, ते प्रतिक्षाला बघायचं होतं. तिनं चित्र फिरवलं. दाढेच्या मागं गालाचा थोडा भाग स्कॅनमध्ये आला होता आणि सॉफ्टवेअरनं त्यालाच शेजारचा दात मानलं होतं. तिनं तो पुसून पुन्हा बटण दाबलं. कॅप सरळ झाली. उंची मात्र तशीच राहिली.

मग तिनं दात मिटल्यावरचं स्कॅन उघडलं. डावीकडं दात नीट टेकले होते, उजवीकडं मात्र वरच्या आणि खालच्या दाढांमध्ये फट होती. ती भरून काढायला कॅप वर चढली होती.

"मावशी, मी दात आवळा म्हटलं, तेव्हा कसे आवळले?"

"आवळले की." सोजरबाई घुटमळल्या. "पन डाव्या अंगानंच. हिकडनं चावलं की लई कळ यायची. दोन वर्सं झाली, हिकडं घासच न्हेला न्हाई."

"आणि आता दुखतं?"

"चावल्याबिगर कसं कळनार?"

प्रतिक्षाला हसू आलं. "मग आता बघू. सावकाश मिटा. दुखलं तर हात वर करा."

सोजरबाईंनी धोंडीरामांचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि जबडा हळूहळू बंद केला. दोन्हीकडचे दात टेकले. त्या तशाच थांबल्या. मग एक डोळा उघडून दातांमधूनच म्हणाल्या, "न्हाई दुकत!"

"व्हय?" धोंडीराम पुढं वाकले.

"न्हाई म्हंते की!"

तसंच बसवून प्रतिक्षानं मिटलेल्या दातांचं स्कॅन नव्यानं घेतलं. या खेपेला सॉफ्टवेअरनं बसवलेली कॅप शेजारच्या दातांच्या ओळीत आली. बारीकसा फेरफार करून तिनं ती बनवायला पाठवली.

पुढच्या आठवड्यात कॅप चिकटवून झाल्यावर प्रतिक्षानं दात कुठं जास्त टेकतो त्याचा ठसा उमटवणारा निळा कागद दातांमध्ये धरला. "चावा. उंच लागतंय?"

सोजरबाईंनी चावून पाहिलं, पुन्हा चावून पाहिलं.

"उंच न्हाई," त्या म्हणाल्या. "हितं दात हाय, येवडंच लागतंय."