शेवटचा ठोका

आई गेल्यावर पाचव्या महिन्यात प्रयोगशाळेत तिच्या पेशी बोलू लागल्या. दंडावरची चिमूटभर त्वचा तिने जिवंतपणी लेकीला प्रयोगासाठी हसत दिली होती. "लोकांच्या लेकी आईसाठी आपल्या कातड्याचे जोडे करतात म्हणे. तू माझंच कातडं सोलायला बसलीस!"

त्वचेच्या पेशीतही मेंदूची जनुकं असतात. पण एक प्रथिन त्यांच्यावर ठाण मांडून बसतं, मदतीला आणखी प्रथिनं बोलावतं आणि जन्मभर त्यांना तोंड उघडू देत नाही. लेकीने तेच प्रथिन हटवलं. त्वचेच्या पेशी मेंदूच्या झाल्या, त्यांना तंतू फुटले, आणि आता स्पीकरवर त्यांचे विद्युत ठोके ऐकू येत होते. टक. टक.

"प्रयोग संपला, आजच ब्लीच ओतून पेशी नष्ट कर," सर दारातून म्हणाले. "अगं, आई नाहीये ती."

"माहीत आहे, सर. पण ती गेली तेव्हा मी इथे याच पेशींना खाद्य घालत होते. आज जवळ बसते."

सर निघून गेले. तिने ब्लीच ओतलं. ठोके आधी दाटले, मग विरळ झाले. शेवटचा कोणता, ते पुढचा आला नाही तेव्हाच कळलं. तरी ती स्पीकरला कान लावून बसून राहिली.