कडं टेकायला जागा

गेल्या कार्निव्हलच्या मिरवणुकीत झिल्दाचा डावा कुल्ला सरकत सरकत पोटावर आला.

तो फोमचा होता. उजवाही फोमचाच, पण तो निदान मागच्या बाजूला गेला. रिओच्या सांबा मंडळातल्या बायानांच्या, म्हणजे पोक्त बायकांच्या तुकडीत मांडवाएवढा घेर असलेला घागरा घालून, दोन्ही हात पसरून गोल गोल फिरायचं असतं. तो सगळा डोलारा कमरेच्या एका कड्यावर उभा असतो आणि कडं कुल्ल्यांवर. झिल्दाला कुल्ले नव्हते. पोट होतं, पाठीला दोन वळ्या होत्या, दंड होते. पण कमरेपासून खाली ती सरळ घसरत जायची. फोम घामाने भिजला, सुटला, आणि उरलेल्या मिरवणुकीत साठी ओलांडलेली झिल्दा सात महिन्यांचं पोट घेऊन, दोन्ही हातांनी घागरा धरून, न फिरता चालत राहिली.

कार्निव्हल संपवणाऱ्या राखेच्या बुधवारानंतर मंडळाच्या अंगणात जांदिरामावशीने तिला बाजूला घेतलं. मावशी तुकडीची प्रमुख, आणि वयाने तुकडीतल्या कोणापेक्षाही मोठी.

"झिल्दा, बाळाचं नाव काय ठेवलंस?"

"मावशी, फोम चांगला नव्हता."

"फोमला कशाला बोल लावतेस. ऐक. बायाना हात पसरून फिरते. हाताने घागरा धरून चालते ती धुणं घेऊन निघालेली बाई. पुढच्या वर्षी हात मोकळे दिसले तर तुकडीत ये. नाहीतर मदतनिसांचा सदरा घाल आणि आम्हाला पाण्याच्या बाटल्या दे. तेही पुण्यच आहे."

झिल्दाने जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. शनिवारच्या तालमी आणि पेपर तपासणं यांचं कधी जमलं नाही, म्हणून तुकडीतली जागा तिने निवृत्तीनंतर मागून घेतली होती. ती इतक्या लवकर सोडायची तिची तयारी नव्हती.

आधी सोपे उपाय झाले. नवरा वाल्देसिर बसच्या आगारात मेकॅनिक होता. त्याने कड्याला खांद्यावरून पट्टे लावून दिले. स्वयंपाकघरात झिल्दा एक गिरकी फिरली, तर पट्ट्यांवर टांगलेला सांगाडा पाळण्यासारखा झुलला आणि टेबलावरची कॉफीची किटली खाली आली. मग पट्टा आवळून पाहिला. आवळलेला पट्टा पोटाखाली शिरायचा आणि कडं त्याच्यावरून सरकायचं.

"याला टेकायला काहीतरी पाहिजे," वाल्देसिर किटलीचा पोचा निरखत म्हणाला. "खुंटी नसेल तर कोट कशाला टांगायचा?"

त्या रात्री अंघोळीनंतर झिल्दा आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली. माल भरपूर होता. फक्त चुकीच्या फडताळात होता.

पुढच्या रविवारी जेवायला नणंद मार्लेनी आणि मावसबहीण रोझाना आल्या होत्या. काळ्या घेवड्याची फेजोआदा शिजत होती. झिल्दाने संत्र्याच्या फोडी करता करता सांगून टाकलं की ती लायपो, म्हणजे नळीने चरबी काढायचं ऑपरेशन, करून घेणार आहे; पोटाची चरबी काढून कुल्ल्यांवर, कडेला बसवणार आहे.

"कडेला बसवणार म्हणे," रोझाना हसली. "आधी काढ तरी."

त्यानंतर 'कडेला' हा शब्द कोणाच्या ध्यानातच राहिला नाही. रिओच्या त्या भागात लायपोबद्दल मत नसलेली बाई सापडणं कठीण, आणि त्या टेबलावर दोन अनुभवी बायका बसल्या होत्या.

"लेसर, वहिनी. दुसरा विचारच करू नका," मार्लेनी म्हणाली. "बारीकशी तार आत जाते, चरबी विरघळते. तव्यावर लोणी टाकावं तशी. तेल होऊन बाहेर येते. वर कातडी आवळली जाते ते वेगळंच. या वयात कातडीचं बघायला नको का?"

"लोणी आणि तवा," रोझाना म्हणाली. "तू काय पोळी भाजून घेतलीस? झिल्दा, अल्ट्रासाउंड कर. डॉक्टर नुसती काढत नाही, कोरतो. बघ." तिने ब्लाउज वर केला. तिच्या पोटावर खरोखरच व्यायामपटूसारखे चौकोन होते.

"चॉकलेटची वडी," वाल्देसिर म्हणाला.

"जळतोस तू."

"जळत नाही, भूक लागलीय. पण रोझाना, पोटावर पैलवान आणि जिना चढताना दम लागतो, हे कसं काय?"

"जिन्यासाठी नाही केलेलं ते. समुद्रासाठी केलंय."

दोघींचं भांडण भाताबरोबर सुरू झालं ते कॉफीपर्यंत चाललं. लेसरवाल्या आणि अल्ट्रासाउंडवाल्या हे फुटबॉलच्या दोन संघांसारखं होतं. मधे बसायला जागा नव्हती. शेवटी मार्लेनीने फोन लावून आपल्या डॉक्टरांकडची वेळ घेऊनच टाकली. झिल्दा संत्र्याच्या साली गोळा करत होती. तिच्या मनात लोणी घोळत होतं. वितळलेलं लोणी पुन्हा गार केलं तरी त्याचं लोणी होत नाही.

मार्लेनीचे डॉक्टर एव्हराल्दो अगदी गोड बोलणारे होते. त्यांनी पडद्यावर आधीची आणि नंतरची पोटं दाखवली, कातडी कशी आवळते ते रुमालाने करून दाखवलं. झिल्दाने सगळं ऐकून घेतलं.

"डॉक्टर, बाहेर जे येतं, त्यातल्या किती पेशी जिवंत असतात?"

डॉक्टरांचा रुमाल हातातच राहिला. "जिवंत? जिवंत कशाला हव्यात?"

"मला त्यांच्याकडून अजून काम करून घ्यायचंय."

तिने घागऱ्याचं सांगितलं. डॉक्टर खूप हसले, मग खुर्चीत नीट बसले. "मग माझं यंत्र तुमच्या कामाचं नाही, बाई. लेसर पेशी फोडतो, त्याचं कामच ते. आणि मेलेल्या पेशी दुसरीकडे भरल्या तर नुसत्या गाठी होतील." त्यांनी स्वतःच एक नाव लिहून दिलं. "लिवियाकडे जा. आणि मार्लेनीबाईंना सांगू नका मी पाठवलं म्हणून."

परत येताना झिल्दाला हलकं वाटत होतं. इतके दिवस सगळेजण एकाच प्रश्नाचं उत्तर देत होते: चरबी सगळ्यात चांगली कशाने निघते? तिचा प्रश्न वेगळा होता. निघालेली चरबी कशाने जगते? प्रश्न बदलला की अर्ध्या पद्धती आपोआप बाद होतात, हे ती मुलांना आयुष्यभर सांगत आली होती.

डॉ. लिवियाकडे जाताना तिने कडं बरोबर घेतलं. सोबत घागऱ्याचा सगळ्यात वरचा वेढाही होता. बसमध्ये ते वाल्देसिरच्या गळ्यात अडकवावं लागलं, कारण बाकी कुठे मावत नव्हतं.

"कुठल्या ग्रहावरून?" कंडक्टरने विचारलं.

"शनी," वाल्देसिर म्हणाला.

डॉ. लिविया चाळिशीची, बारीक, फारसं न बोलणारी होती. तिने कडं पाहिलं, मग झिल्दाला.

"लोक माझ्याकडे नटीचा फोटो घेऊन येतात," ती म्हणाली. "हे पहिल्यांदाच. घाला बघू."

झिल्दाने कडं घातलं, हात सोडले. कडं पोटावर क्षणभर थांबलं आणि घोट्यांपर्यंत गेलं. डॉक्टरांनी ते उचललं, जिथे असायला हवं तिथे स्वतःच्या हातांनी धरलं, आणि नर्सला पेन आणायला सांगितलं. जांभळ्या शाईने कमरेखाली दोन्ही बाजूंना एकेक चंद्रकोर काढली.

"इथे फळी हवी," ती म्हणाली. "लहानशी. जास्त भरली तर जगणार नाही."

"पद्धत कोणती?"

"थरथरणारी नळी. आधी मिठाचं पाणी आणि बधिर करणारं औषध सोडून चरबी फुगवायची. मग नळी थरथरते, चरबी सुटते. उष्णता नाही, खेचणारा जोरही कमी ठेवायचा. वेळ लागतो, पण पेशी कमी फुटतात. अल्ट्रासाउंडनेही पेशी जगतात असं काहीजण म्हणतात. मी तुमच्या बाबतीत तो जुगार खेळणार नाही."

"आणि आत सोडताना?"

"बारीक धाग्यांसारखी, कातडीच्या लगेच खाली. स्नायूत कधीच नाही. तिथे मोठ्या शिरा असतात, त्यात चरबी गेली तर जिवावर बेततं. कोणी भराभर आणि खोल भरून देतो म्हणाला तर उठून निघून यायचं."

"आणि किती टिकेल?"

डॉक्टरने आधी पेनाला टोपण लावलं. आकडा सांगायची तिला घाई नव्हती, हे झिल्दाला आवडलं.

"अर्ध्याहून थोडी जास्त, असं धरून चाला. कोणाची जास्त टिकते, कोणाची कमी. दोन्ही बाजू सारख्या टिकतील असंही नाही. मी हमी देत नाही, बाई. घागरा थांबेल की नाही, ते घागराच सांगेल."

झिल्दाने तिथेच होकार दिला. हृदयाच्या, रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि जूनमध्ये तिकडचा हिवाळा सुरू होण्याआधी काम उरकलं.

नंतरचे आठवडे मात्र विनोदी होते. पोटाला घट्ट पट्टा आणि त्याच पट्ट्याला दोन्ही कुशींवर मोठी भोकं, कारण नव्या चरबीवर दाब पडून चालणार नव्हतं. कुशीवर झोपायचं नाही. कडं घालायचं तर नाहीच. वाल्देसिरने ते बैठकीच्या भिंतीवर टांगून ठेवलं आणि आल्यागेल्याला त्या चौकटीतला आरसा चोरीला गेल्याचं सांगायचा. पोट निळंजांभळं झालं होतं, आणि हसलं की दुखायचं. मार्लेनी सूप घेऊन आली. रोझाना उघडं पोट घेऊन आली, तुलनेसाठी.

"चौकोन नाही काढले तुझ्या बाईने," ती निराश होऊन म्हणाली.

"सांगितले नव्हते."

"फुकट काढले असते."

सगळ्यांत मोठा धक्का मार्लेनीला बसला. डॉक्टरांनी झिल्दाला बजावलं होतं की वजन उतरवू नका. बसवलेली चरबी ही चरबीच. उपास केला तर तीही झिजणार.

"म्हणजे डॉक्टरांनी खायला सांगितलं?" मार्लेनीने सुपाचा डबा परत झाकला. "मी लेसर करून वर्षभर काकडी खाल्ली, वहिनी."

"काकडी चांगली असते."

"काकडीचं नाव काढू नका."

पहिले काही दिवस झिल्दाचे कुल्ले असे काही भरले होते की वाल्देसिर तिच्यामागून उगाचच बाजारात जायचा. मग ते उतरू लागले. सूज ओसरते, हे तिला माहीत होतं. वहीत काढायची असती तर तिने उतरणीची रेघ आधीच काढून दाखवली असती. पण माहीत असणं आणि रोज सकाळी हात लावून बघणं यात फरक असतो. उजवी बाजू डावीपेक्षा लवकर उतरत होती. ती कोणाला बोलली नाही. फक्त चीजचे पाव खाणं वाढलं.

एकदा तिने वाल्देसिरला विचारलं, "मदतनिसांचा सदरा कुठल्या रंगाचा असतो रे?"

"पिवळा."

"मला पिवळा शोभत नाही."

"म्हणून तर," वाल्देसिर म्हणाला आणि पावाची टोपली तिच्याकडे सरकवली.

नोव्हेंबरात, तिकडचा वसंत सरता सरता, मंडळाच्या गोदामात घागऱ्यांची मापं घ्यायला बोलावणं आलं. डॉ. लिवियाने तोवर कड्याला परवानगी दिली होती, पण झिल्दाने घरी ते घालून पाहिलं नव्हतं. भिंतीवरून काढायचा धीर झाला नव्हता.

जांदिरामावशी स्टुलावर बसून प्रत्येकीचं कडं स्वतः चढवत होती. झिल्दाची पाळी आली. मावशीने सांगाडा डोक्यावरून घातला, कमरेला आणला आणि काही न सांगता हात सोडले.

कडं घसरलं. बोटभर, दोन बोटं.  मग ते डावीकडे टेकलं. उजवीकडे आणखी थोडं खाली जाऊन तिथेही टेकलं. घागरा एका अंगाला झुकलेला, पण उभा राहिला.

"हात," मावशी म्हणाली.

झिल्दाने हात पसरले. फिरली. कडं अंगाबरोबर फिरलं, झुललं नाही. दुसरी गिरकी, तिसरी. गोदामातल्या शिवणयंत्रांच्या बायका मान वर करून बघत होत्या.

मावशी उठली, झिल्दाच्या कमरेवर दोन्ही बाजूंना चाचपून पाहिलं, जसा बाजारात पपईला हात लावतात.

"फोमची उशी कुठे गेली?"

"आत आहे, मावशी. घरचीच आहे."

"उजवीकडे कमी पडली."

"उजवीकडच्या कमी जगल्या."

मावशीला त्यातलं काय कळलं कोण जाणे. तिने खिशातून रुमाल काढला, घडी करून कड्याखाली उजवीकडे खोचला, मागे सरकून डोळे बारीक केले आणि रुमाल परत काढून घेतला.

"राहू दे वाकडा. मिरवणुकीच्या परीक्षकांसमोर उभी राहशील तेव्हा उजव्या पायावर जरा भार दे. फिरताना कोणाला दिसत नाही. पुढची कोण?"

कार्निव्हलच्या रात्री झिल्दा पूर्ण रस्ताभर हात पसरून फिरली. ढोल पायांतून चढत होते, लेस मानेला चिकटत होती, आणि कडं आपल्या जागी होतं. तिने एकदाही खाली हात नेला नाही.

मिरवणुकीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे सगळे घागरे सोडून बायका कठड्यावर बसतात, तिथे वाल्देसिर पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्याचा आवाज बसला होता.

"या गर्दीत तू सापडणार नाहीस असं वाटलं होतं," तो म्हणाला. "एवढे सारखे घागरे, सारखे फेटे. पण लांबूनच ओळखली."

"कशी?"

"प्रत्येक गिरकीला एकाच घागऱ्याची डावी कड वर उचलली जात होती. तुझा बूट दिसायचा. मी शेजारच्यांना सांगत होतो, ती बघा, ती वाकडी, ती आमची."

झिल्दाने पाणी पिऊन बाटली त्याला परत दिली. मग जरा विचार करून डाव्या कुशीवर रेलून बसली. तिकडे टेकायला जास्त जागा होती.