अक्काचा दुसरा शनिवार

आमच्या रारोटोंगा बेटाहून ऑकलंडला विमानानं चार तास लागतात. तुआइनेअक्का, माझी थोरली बहीण, ते बोटांवर मोजायची आणि अंगठा उरला म्हणून खूश व्हायची.

"शनिवारी सकाळी निघू, दुपारी पोचू. सोहळा संध्याकाळचा. मधे अंघोळसुद्धा होईल."

तिकडे राहणाऱ्या तिच्या मुलानं, पुनानं, तिकिटं गुरुवारची काढली होती. ती अक्कानं परस्पर बदलली. सुनेकडे आधीपासून कोण बसून राहणार? शिवाय तारोचे कंद ताजे उपटायचे होते. शुक्रवारी फोन वाजवाजवाजला. पुना ओरडेल म्हणून तिनं उचललाच नाही.

नातवाचे केस जन्मापासून कापले नव्हते. त्यांच्या रिबिनी बांधलेल्या बटा सगळं गणगोत मिळून कापणार होतं. पोराला अक्काच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव, तेआरिकी. तेव्हा पहिली बट अक्काचीच.

"विहिणीनं आधी कात्री लावली ना, तर बघच!" असं म्हणत तिनं आपली कात्री सामानात घातली होती.

विमानतळावरची मुलगी तिकीट बघून म्हणाली, "मावशी, रविवारी पोचाल."

"का? वाटेत मुक्काम करतं विमान?"

"नाही हो. मधे तारीख बदलणारी रेषा आहे. तिकडे आत्ताच रविवार उजाडलाय."

मी तिच्याकडे वळले. "अक्का, तू शनिवारी दुपारी फोन करतेस तेव्हा ते चर्चमध्ये असतात, आठवतं?"

"मला वाटायचं सून उचलू देत नाही," अक्का पुटपुटली. मग एकदम खालीच बसली. "म्हणजे सोहळा?"

"तिकडे काल झाला," मी म्हणाले.

विमानात तिनं बोटं मोजलीच नाहीत.

ऑकलंडला पुना, सून, विहीणबाई, सगळे चर्चमधून थेट आले होते. तेआरिकीनं टोपी कानापर्यंत ओढलेली. त्यानं ती काढली. डोकं बोडकं, आणि कपाळावर लाल रिबिनीची एकच लांब बट.

"ही तुझी," तो फणकारला. "चर्चमध्ये सगळे हसले मला. चार तासांचं अंतर, आणि एवढा उशीर?"

"आम्ही पुष्कळ समजावलं," विहीणबाई म्हणाल्या. "मी कात्री घेऊन टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या, पण हा पठ्ठ्या टेबलाखाली."

अक्कानं तिथंच, सामानाच्या ढकलगाडीशेजारी, बॅग उघडून बट कापली आणि रुमालात बांधली.

"पहिली नाही, पण शेवटची तरी मिळाली हो," विहीणबाई गोड हसल्या. अक्का एरवी सोडती ना! पण आत्ता तिनं रुमालाची गाठ फक्त आणखी आवळली.

पुढच्या शनिवारी ऑकलंडहून निघालो आणि घरी पोचलो तर शुक्रवारची रात्र. सकाळी अक्का अंगणातून ओरडली, "अगं, आज वार कोणता?"

"शनिवार."

"काल होता की!"

"इकडे आज आहे."

तिचा चेहरा असा उजळला! नवऱ्याची कबर अंगणातच, फणसाच्या सावलीत. तिथं बसून तिनं रुमाल सोडला, बटेतले चार केस कात्रीनं कापले आणि दगडावर ठेवले.

"हे घ्या," ती त्याला म्हणाली. "विमानवाल्यांनी माझा शनिवार परत केला. तुमच्या नातवाची पहिली बट, माझ्या हातची."



दुपारी मात्र तिनं पुनाला फोन लावला. वाजत राहिला.

"बघितलंस?" अक्का म्हणाली. "सून उचलू देत नाही."