उत्तरेकडची कैची

जाफराबादच्या मशिदीची मातीची भिंत पावसात बसली, तेव्हा मशिदीचा कारभार पाहणारे मुतवल्ली जमालुद्दीन यांनी नवी मशीद बांधायचं काम जालन्याच्या गिरिधर ओव्हरसियरवर सोपवलं. गिरिधरनं हौसेनं नकाशा काढला. आत एकही खांब नाही, छत लोखंडी कैच्यांवर, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांवर, तीन बाजूंना खालपासून वरपर्यंत काच.

अठ्ठावन्न साली नव्या इमारतीतला पहिला शुक्रवार उजाडला. दुपारी वारा सुटला. माणसं नमाजाला आत जमली होती, आणि फिटर कचरू धापा टाकत अंगणात उभ्या गिरिधरकडं आला. डोळे तापानं लाल.

"साहेब, उत्तरंकडच्या कैचीचे चार नट म्या नुसते हातानं लावल्ते. सकाळी पान्यानं आवळू म्हनलं, अन् ताप भरला. मंग ध्यानातच ऱ्हायलं न्हाई."

गिरिधरनं वर पाहिलं. उत्तरेच्या काचा थरथरत होत्या. आत दीडशे माणसं. ऐन नमाजाच्या वेळी एका हिंदूनं त्यांना मशिदीबाहेर काढायचं? दहा वर्षांपूर्वी, रझाकार आणि पोलीस ॲक्शनच्या वेळी, जे घडलं ते गावात कुणीच विसरलं नव्हतं. पण पाय आपोआप चपलांतून निघाले. तो आत जमालुद्दीनकडं गेला.

"चाचा, समद्यांना बाहेर काढा. छताचा भरवसा न्हाई."

जमालुद्दीन यांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ते लगेच लोकांकडं वळले.

"चलो, सब आंगन में. जल्दी!"

शेवटची माणसं दारात असतानाच एक काच कडाडली आणि खळ्ळकन फरशीवर आली. कैची बोटभर सरकली होती.

बाहेर बांबूंची परांची अजून उभी होती. कचरू म्हणाला, "एकट्याचं काम न्हाई साहेब. कुनीतरी बोल्ट धरला पायजे."

गिरिधर आजवर कधी परांचीवर चढला नव्हता. उंचीची त्याला लहानपणापासून धास्ती. बांबू हलत होते, घामानं हात निसटत होते. वर पोचल्यावर त्यानं बोल्ट धरला आणि डोळे गच्च मिटून घेतले. पान्याच्या प्रत्येक पिळाला लोखंड कण्हायचं, आणि दर वेळी त्याला वाटायचं, आता गेलं. खाली अंगणात नमाज चालू होता.

चौथा नट बसला. खाली उतरल्यावर तो तिथंच मातीत बसला.

नमाज आटोपून जमालुद्दीन आले. "अब पक्का?"

"बिलकुल, चाचा."

तो म्हणाला खरा. पण पुढच्या शुक्रवारी सकाळच्याच गाडीनं तो जालन्याहून आला, आणि शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत दाराशी वर बघत उभा राहिला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही.