गढीची ओटी

योगराजची नवीकोरी मोटरबोट हतनूर धरणाच्या पाण्यात उतरली, तेव्हा लीलाधरला वाटलं, चला, देवीनेच पाठवली! माणूस एकदा भुलला की त्याला असलंच काहीतरी वाटतं.

उद्या त्याच्या लेकीची, भाविकाची हळद. आणि ह्यांच्या घरात मुलीला हळद लागण्याआधी तिच्या नावाची ओटी जुन्या गावच्या मरीआईला जाते. जुनं गाव धरणात गेलं त्याला जमाना झाला. नव्या गावात फरशीचं, दिव्यांचं चांगलं देऊळ बांधलं. पण लीलाधरची म्हातारी आई, लताबाई, ऐकेल तर शपथ. "देवी काय आपल्यासारखी ट्रॅक्टरमधी बसून आली व्हय? ती तिथीच आहे," म्हणायची. एका अर्थी खरंच होतं. घरंदारं बुडाली, पण गावाची उंच गढी पाण्यात बेट होऊन राहिली होती, आणि तिच्या माथ्यावर शेंदराचं ठाणं. घरातल्या प्रत्येक लग्नाला लोटन भोई आपल्या डोंगीत बसवून ओटी तिथे पोचवायचा.

या खेपेलाही बिचारा विचारायला आला होता. लीलाधर ऐटीत म्हणाला, "राहू दे रे लोटन. आपल्या योगराजची बोट आहे. इंजिनवाली!" लोटन बरं म्हणाला आणि बहिणीकडे बऱ्हाणपूरला निघून गेला.

योगराज म्हणजे त्याच गावचा, त्याच शाळेतला, त्याच देवीच्या जत्रेत गोडीशेव खाऊन वाढलेला. आता केळीच्या धंद्यात बरकत आली, जळगावात बंगला झाला. मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे विलायतेला गेला आणि तिथले कालवे डोक्यात भरून आला. जो भेटेल त्याला फोनवर दाखवायचा. "कालव्याला दरवाजे रे! बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, की बोट माडी चढल्यासारखी वर!" त्यातूनच ही बोट आली. लीलाधरला त्याने स्वतः फोन केला होता. "लील्या, शनिवारी ये. आपली शाळेतली चौकडी, शालिग्राम, रतिलाल, तू न मी. आधी गढीवर जाऊ, भाविकाची ओटी देऊ, मग तळं पालथं घालू. आणि हो, बामणोदची वांगी आणतोय. भरीत तुझ्याच हातचं!"

त्या सगळ्या बोलण्यात खरं होतं ते शेवटचं वाक्य. पण दोस्ताने इतक्या वर्षांनी लील्या म्हटलं, आणि हा गडी विरघळला. दीपनगरच्या वीज केंद्रातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्याला लील्या म्हणणारं उरलं होतं कोण?

बोट सुटली. लताबाईने स्वतः बांधून दिलेली पिशवी लीलाधरने मांडीवर धरली होती, हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. गढी डाव्या हाताला दिसायला लागली, तशी बोट उजवीकडे वळली. पलीकडच्या काठावर कपाशीच्या काड्यांचा भारा, वांग्यांची गोणी आणि पुऱ्यांचा डबा आधीच येऊन पडले होते.

"तू काड्या पेटव," योगराज म्हणाला, "तोवर आम्ही एक चक्कर मारतो. इंजिन नवं आहे, जरा मोकळं करू. मग गढी."

लीलाधर उतरला. पिशवी घ्यायला वाकला तर शालिग्राम म्हणाला, "चिखलात कशाला ठेवतो देवीचं? राहू दे बोटीतच." बरोबर वाटलं. हो, तेही बरोबरच वाटलं!

भरीत काय गप्पा मारता मारता होतं? काड्या भडकतात, वांगी फिरवत राहावी लागतात, धूर डोळ्यांत जातो. मग साली काढा, मिरच्या भाजा, ठेचा, कांद्याची पात चिरा, शेंगदाणे टाका, फोडणी द्या. चौघांची पार्टी, आणि कामाला एकटा. पाण्यावरून मधूनमधून त्यांच्या हसण्याचा आवाज यायचा. त्याने एकदा हातसुद्धा हलवला. तिकडून कुणी हलवला नाही.

भरीत होऊन निवायला लागलं तेव्हा बोट आली. बोटीच्या नाकाला हिरवा खण फडफडत होता.

"अरे, नव्या बोटीची पूजाच राहिली होती!" रतिलाल उतरता उतरता म्हणाला. "कुणी नारळच आणला नव्हता. बरी तुझी पिशवी होती."

"तो... भाविकाचा होता," लीलाधर कसाबसा म्हणाला.

"मग? मुलीच्या नावानेच फोडला की!" योगराजने त्याच्या पाठीवर थाप मारली. "गढीला चक्कर मारली, लांबूनच हात जोडले. देवीला सगळं पोचतं रे. वाढ लवकर, भुकेने जीव चाललाय."

आणि लीलाधरने वाढलं! उरलेल्या काड्यांची जुडी उचलून एकेकाला हाणावंसं वाटत होतं, आणि तो आग्रह करत होता, अजून घे, पुरी घे. लाज वाटली ती त्यांची नाही, स्वतःचीच.

परतताना गढी पुन्हा दिसली. उन्हं कलली होती. त्याने सगळं बळ एकवटून म्हटलं, "योगराज, जरा तिकडे घे ना."

"आता रिकाम्या हाताने जाऊन काय करशील?" योगराज घड्याळ बघत म्हणाला. "मला जळगावात रिसेप्शनला जायचंय."

खण समोरच फडफडत होता. हात लांबवला असता तर गाठ सुटली असती. लीलाधरने हात लांबवला नाही. उतरताना शालिग्रामने उरलेला खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "प्रसाद ने घरी."

दारात मांडव घातला होता. लताबाई खाटेवर वाटच पाहत बसली होती. "पोचली का रे ओटी?"

"पोचली, माय." त्याने तुकडा तिच्या हातात दिला.

तिने तो कपाळाला लावला. मग त्याचा हात धरून जवळ ओढला आणि शर्टाचा वास घेतला. आतून भाविका आली. "आजी, पोचली ना ओटी? काकू म्हणते, हळद भिजवू का?"

"पोचली वो माय, पोचली. भिजवा हळद," म्हातारी म्हणाली. नात आत गेली. म्हातारीने तो तुकडा तोंडात न घालता लीलाधरच्या मुठीत परत दिला, आणि हळूच म्हणाली, "जाय, आंघोळ कर. भरिताच्या धुराचा वास येऊन राह्यला तुह्या अंगाले."